‘एएलके पॉझिटिव्ह’ या शब्दांनंतरची ओळ

प्रश्न असा आला आहे: “आईचं वय ५८, आयुष्यात कधी सिगारेट-तंबाखू नाही. फुप्फुसाचा कर्करोग, चौथा टप्पा. सुरुवातीला हातात फक्त ‘एएलके पॉझिटिव्ह’ एवढाच रिपोर्ट होता. त्यावर अलेक्टिनिब ही एएलके दाबणारी गोळी सुरू झाली आणि आठ महिन्यांत गाठ बरीच आक्रसली. आता उशिरा आलेल्या सविस्तर जनुकीय रिपोर्टात ‘ईएमएल४-एएलके, व्हेरियंट ३ए/बी, सोबत टीपी५३ म्युटेशन’ असं लिहिलंय. नात्यातले एक डॉक्टर म्हणाले, व्हेरियंट ३ वाईट असतो, लगेच लॉर्लाटिनिब या नव्या गोळीवर जा. काय करावं?”

गोळी चालते आहे तोवर बदलू नका. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं उत्तर लांब आहे आणि तुमची झोप उडालेली असणार. तुमच्या नात्यातले डॉक्टर खोटं बोललेले नाहीत, पण त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी सांगायला मला जरा मागून यावं लागेल.

एएलके हे जनुक प्रौढ माणसाच्या फुप्फुसात जवळजवळ मुकंच असतं. गर्भावस्थेत मज्जासंस्था घडताना त्याचं काम असतं, मग ते झोपी जातं. त्याचं नाव पडलं ते १९९४ साली, एका प्रकारच्या लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कर्करोगात) ते सापडलं तेव्हा. फुप्फुसाशी त्याचा संबंध २००७ मध्ये जपानात हिरोयुकी मानो यांच्या गटाने दाखवला. दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर एएलके आणि ईएमएल४ ही दोन जनुकं तशी एकाच गल्लीत राहतात. मधला तुकडा दोन्हीकडून तुटतो, उलटा फिरतो आणि पुन्हा चिकटतो. या उलटापालटीत ईएमएल४चं पुढचं टोक आणि एएलकेचं मागचं टोक एकमेकांना जोडलं जातं. एएलकेच्या बाजूचा तुटण्याचा बिंदू जवळजवळ नेहमी ठरलेला असतो. त्याचा विसाव्या एक्झॉनपासून (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक तुकडा) पुढचा भाग, म्हणजे पेशीला ‘वाढ, वाढ’ असा हुकूम सोडणारा कायनेज, जसाच्या तसा शाबूत राहतो. ईएमएल४ कुठे तुटतं ते मात्र प्रत्येक रुग्णात वेगळं असू शकतं. व्हेरियंट म्हणतात ते यालाच.

तेराव्या एक्झॉननंतर तुटलं की व्हेरियंट १, विसाव्यानंतर तुटलं की २, सहाव्यानंतर तुटलं की ३. आकडे क्रमाने शोधले गेले म्हणून तसे पडले, त्यात चांगलं-वाईट काही नाही. बहुतेक रुग्ण १ किंवा ३ यांपैकी एकात बसतात. आणि ‘३ए/बी’ वाचून दोन आजार आहेत असं समजू नका. एकाच तुटलेल्या जनुकापासून पेशी दोन किंचित वेगळ्या लांबीची प्रथिनं काढते. ११ अमिनो आम्लांचा फरक. दोन्ही बहुधा एकाच गाठीत सोबत असतात.

आता मुद्द्याचं. ही सोयरीक म्हटली तर भागीदार जनुक काय घेऊन येतं? पहिलं म्हणजे स्वतःचा स्विच. एएलकेचा स्वतःचा स्विच बंद होता, आता ईएमएल४चा, जो सतत चालू असतो, तो लागू झाला. दुसरं म्हणजे चिकटण्याची सवय. ईएमएल४च्या टोकाला एक भाग असा आहे की त्याचे रेणू तीन-तीनच्या झुबक्याने एकमेकांना बिलगतात, आणि बिलगले की कायनेज आपोआप पेटतो. हे दोन गुण सगळ्या व्हेरियंटमध्ये सारखेच असतात. फरक तिसऱ्यात आहे: घडी.

ईएमएल४ मध्ये पुढे एक मोठा, नीट घडी बसलेला गोलसर भाग असतो. व्हेरियंट १ आणि २ मध्ये कात्री त्या भागाच्या आतच कुठेतरी चालते. अर्धवट कापलेला पंख जसा नीट मिटत नाही, तसं हे प्रथिन नीट घडी घेत नाही. पेशी त्याला हीट शॉक प्रोटीन ९० या मदतनिसाच्या आधाराने कसंबसं उभं ठेवते, आणि आधार सुटला की ते लवकर मोडीत जातं. व्हेरियंट ३ मध्ये कात्री त्या गोलसर भागाच्या अलीकडेच चालते. तो भाग उरतच नाही. उरतं ते आटोपशीर, टिकाऊ प्रथिन. ते पेशीत जास्त काळ राहतं, पेशीच्या आतल्या सूक्ष्मनलिकांना जाऊन चिकटतं, आणि पेशीला जागेवरून हलण्याची खोड लागते. रुग्णालयात आम्हाला दिसतं ते असं: व्हेरियंट ३ च्या रुग्णांत निदानाच्या वेळीच आजार अधिक ठिकाणी पसरलेला असण्याची शक्यता जास्त, आणि टिकाऊ प्रथिनाला दाबून धरायला औषधही जास्त ताकदीचं लागतं.

इथपर्यंत तुमचे नातेवाईक बरोबर आहेत.

पण ‘जास्त ताकदीचं औषध लागतं’ आणि ‘वाईट व्हेरियंट’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. हा फरक मला एएलकेपेक्षा रेट नावाच्या दुसऱ्या जनुकावरून जास्त स्पष्ट कळला, म्हणून जरा वाट वाकडी करतो. रेटचीही अशीच पुनर्रचना होते, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १ ते २ टक्के रुग्णांत. भागीदार मुख्यतः दोन: केआयएफ५बी, जो बहुसंख्य रुग्णांत असतो, आणि सीसीडीसी६. नेमक्या रेटला मारणारी औषधं नव्हती तेव्हा जपानमध्ये वॅन्डेटॅनिब हे जुनं, अनेक कायनेजवर थोडं थोडं काम करणारं औषध वापरून ‘ल्युरेट’ नावाची छोटी चाचणी झाली. २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. सीसीडीसी६ असलेल्या ६ पैकी ५ जणांच्या गाठी आक्रसल्या, केआयएफ५बी असलेल्या १० पैकी फक्त २ जणांच्या. तेव्हा आमच्या बैठकांतून सर्रास बोललं जाऊ लागलं की केआयएफ५बी म्हणजे औषधाला दाद न देणारा प्रकार. मीही एक-दोन नातेवाइकांना असं सांगितलं असेन, आता त्याचं वाईट वाटतं.

पुढे सेल्परकॅटिनिब आणि प्राल्सेटिनिब आली. ही रेटच्या कुलपाला बेतून घडवलेली किल्ली. केआयएफ५बी असो की सीसीडीसी६, दोन्हीकडे चालली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिब्रेटो-४३१ चाचणीत सेल्परकॅटिनिबवर आजार सरासरी २४.८ महिने आटोक्यात राहिला, केमोथेरपीच्या गटात ११.२ महिने. पहिल्या औषधाच्या वेळी जो भागीदार भिंतीसारखा वाटला, तो दुसऱ्याच्या वेळी जवळजवळ दिसेनासा झाला. वॅन्डेटॅनिबचा डोस त्याच्या इतर दुष्परिणामांमुळे वाढवता येत नव्हता, म्हणून रेट पूर्ण दाबला जात नव्हता. अर्धवट दाबलेल्या ठिकाणीच भागीदाराचा जोर दिसतो.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुनर्रचनेचा प्रकार किती महत्त्वाचा, हे औषध किती कमी पडतंय त्यावर ठरतं. हीच पट्टी आता एएलकेला लावून पाहू.

क्रिझोटिनिब हे एएलकेवरचं पहिलं औषध. मुळात ते मेट नावाच्या दुसऱ्याच कायनेजसाठी बनवलं होतं, एएलकेवर चालतं हा भाग्याचा भाग. अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. केमोथेरपीशी थेट तुलनेत आजार थोपवण्याचा काळ १०.९ महिने विरुद्ध ७ महिने. मेंदूत ते फारसं पोचत नाही. क्रिझोटिनिबच्या काळातल्या बऱ्याच अभ्यासांत व्हेरियंट ३ चे रुग्ण मागे पडलेले दिसतात. ‘व्हेरियंट ३ वाईट’ ही समजूत बहुतांशी तिथली आहे.

अलेक्टिनिबने चित्र बदललं. ॲलेक्स चाचणीत आजार आटोक्यात राहण्याचा काळ ३४.८ महिने, क्रिझोटिनिबचा तोच १०.९. या चाचणीच्या अंतिम आकड्यांत अलेक्टिनिब घेणाऱ्यांचं आयुर्मान सरासरी ८१.१ महिने निघालं, म्हणजे पावणेसात वर्षं. चौथ्या टप्प्याच्या फुप्फुस कर्करोगात. मी शिकत होतो तेव्हा या टप्प्याला आम्ही महिन्यांत बोलायचो, वर्ष हा शब्द जपून वापरायचो. अलेक्टिनिबवर व्हेरियंट ३ चा तोटा उरतो का, यावर अभ्यासांचं एकमत नाही. काहींत उरतो, काहींत तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. माझा अनुभव ‘थोडा उरतो’ या बाजूला झुकतो, पण एका माणसाच्या अनुभवाला मी फार किंमत देणार नाही.

लॉर्लाटिनिब तिसऱ्या पिढीचं. क्राउन चाचणीत २९६ रुग्ण होते. पाच वर्षांनंतर लॉर्लाटिनिबच्या गटात ६० टक्के रुग्णांचा आजार वाढलेला नव्हता, क्रिझोटिनिबच्या गटात ८ टक्के. मेंदूत आजार न वाढलेल्यांचं प्रमाण ९२ विरुद्ध २१ टक्के. व्हेरियंट ३ असलेल्यांतही फायदा ठळक होता. रेटसारखीच गोष्ट: किल्ली बेतशीर झाली की कुलूप कोणत्या कंपनीचं हे विचारायची गरज कमी होते.

मग लगेच बदला म्हणायला काय हरकत आहे? दोन हरकती आहेत. एक म्हणजे क्राउनमध्ये तुलना क्रिझोटिनिबशी होती, अलेक्टिनिबशी नव्हे. अलेक्टिनिब छान चालू असलेल्या रुग्णाला मधेच लॉर्लाटिनिबवर नेलं तर एकूण आयुष्य वाढतं, हे त्या आकड्यांतून निघत नाही. दुसरी म्हणजे लॉर्लाटिनिबचं ओझं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड बहुतेकांत इतके वाढतात की सोबत स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, लागतंच. वजन वाढतं, पायाला सूज येते, हातापायाला मुंग्या येतात. आणि काही जणांत डोक्यावर परिणाम: विसराळूपणा, शब्द न सुचणं, चिडचिड, क्वचित भास. घरचे म्हणतात, “आई अशी नव्हती हो.” डोस कमी केला की बहुधा सुधारतं. पण आठ महिने जी बाई अलेक्टिनिबवर घर सांभाळतेय तिला हे ओझं आज द्यायचं, तर कारणही तितकंच पक्कं हवं. रिपोर्टातली एक ओळ हे ते कारण नव्हे.

आणि इथे व्हेरियंट ३ ची एक गंमत आहे, जी नातेवाइकांच्या सल्ल्यात सहसा येत नाही. अलेक्टिनिबसारख्या दुसऱ्या पिढीच्या औषधांना चकवायला गाठ एएलकेच्याच कायनेजमध्ये नवा बदल करते. त्यातला सर्वांत हट्टी म्हणजे जी१२०२आर. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १२९ रुग्णांच्या एका अभ्यासात असे प्रतिकारक बदल व्हेरियंट ३ मध्ये ५७ टक्के आणि व्हेरियंट १ मध्ये ३० टक्के सापडले. जी१२०२आर तर व्हेरियंट ३ मध्ये ३२ टक्के, व्हेरियंट १ मध्ये एकही नाही. ऐकायला हे वाईट वाटतं. पण याचा अर्थ असा की गाठ अजून एएलकेवरच अवलंबून आहे, तिने फक्त कुलूप बदललंय, आणि त्या बदललेल्या कुलपाला लॉर्लाटिनिब लागतं. म्हणून त्याच अभ्यासात पुढे लॉर्लाटिनिब घेतलेल्या २९ जणांत व्हेरियंट ३ च्या रुग्णांचा आजार व्हेरियंट १ पेक्षा लक्षणीय जास्त काळ थांबला. व्हेरियंट १ ची गाठ बऱ्याचदा एएलकेला बगल देऊन भलत्याच मार्गाने वाढू लागते, तिथे एएलकेची कितीही चांगली गोळी हात टेकते. म्हणजे ज्या प्रकाराला तुम्ही आज शिव्या देताय, तोच पुढच्या वळणावर कामी येऊ शकतो. २९ ही संख्या लहान आहे, हे ध्यानात ठेवूनच हे सांगतोय.

आजच नव्याने निदान झालं असतं आणि व्हेरियंट ३ सोबत टीपी५३ आधीच हातात असतं, तर? तर मी लॉर्लाटिनिबकडे झुकलो असतो, विशेषतः मेंदूत आजार असता तर. नैराश्याचा जुना इतिहास असलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या माणसाला कदाचित तरीही अलेक्टिनिबच दिलं असतं. यात मतभेद आहेत आणि दोन्ही बाजूंना जाणते लोक आहेत.

टीपी५३बद्दल तुम्ही विचारलं नाही, पण त्या ओळीत मला खरी काळजी तिची वाटते. टीपी५३ हा पेशीचा चौकीदार. तो बिघडला की गाठीत नवे बदल भराभर साठतात, आणि प्रतिकार लवकर येण्याची शक्यता वाढते. हे व्हेरियंट कोणताही असला तरी लागू आहे, आणि ३ सोबत टीपी५३ ही जोडी जास्त चिवट असल्याचं जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने दाखवलं आहे. याला सोडवणारी गोळी आज नाही. नजर जवळून ठेवणं एवढंच आपल्या हाती.

पहिल्या रिपोर्टात व्हेरियंट का नव्हता, हेही सांगतो, कारण लॅबवर उगाच राग धरणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. फिश तपासणीत एएलकेच्या दोन बाजूंना दोन रंगांचे दिवे लावतात. दिवे दूर गेले की जनुक तुटलं. किमान ५० पेशी मोजतात आणि १५ टक्के पेशींत तुटलेलं दिसलं की पॉझिटिव्ह. पण तुटून ते कुणाशी जोडलं गेलं, हे दिवे सांगत नाहीत. डी५एफ३ या प्रतिपिंडाने केलेली आयएचसी ही रंग-तपासणी तर फक्त प्रथिन आहे की नाही एवढंच रंगवून दाखवते, स्वस्तात आणि लवकर. उपचार सुरू करायला हे पुरेसं असतं, आणि तुमच्या डॉक्टरांनी त्यावर गोळी सुरू केली ते योग्यच केलं. भागीदार आणि व्हेरियंट कळायला एनजीएस, म्हणजे जनुकांचा क्रम सविस्तर वाचणारी तपासणी, लागतं. त्यातही डीएनएवरचं एनजीएस कधी चकवतं. तुटीचा बिंदू दोन जनुकांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात दाखवला जातो किंवा अनोळखी भागीदाराचं नाव येतं. अशा वेळी आरएनएवर तपासणी करून खरोखर कोणता जोड तयार होतोय ते बघावं. ‘दुर्मीळ भागीदार’ असा रिपोर्ट आला, आरएनए केल्यावर साधा ईएमएल४ निघाला, हे माझ्या रुग्णांत घडलेलं आहे.

आरओएस१ या आणखी एका जनुकाची पुनर्रचना असलेले वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे सर्वांत जास्त आढळणारा भागीदार सीडी७४. तो असला की क्रिझोटिनिब कमी काळ चालतं असं काही अभ्यास सांगतात, इतर तसं सांगत नाहीत. माझ्या मते तिथे भागीदारापेक्षा मेंदूत आजार आहे का आणि औषध मेंदूत पोचतं का, हा प्रश्न मोठा. क्रिझोटिनिबवर आजार आटोक्यात राहण्याचे १९.३ महिने मिळत होते, रेपोट्रेक्टिनिब या नव्या गोळीच्या ट्रायडेंट-१ चाचणीत आधी अशी गोळी न घेतलेल्यांना ३५.७ महिने मिळाले. पुन्हा तीच पट्टी.

आता तुमच्या आईंचं. अलेक्टिनिब चालू ठेवा, आणि ते जेवणासोबतच द्या, उपाशीपोटी शोषण कमी होतं. व्हेरियंट ३ आणि टीपी५३ या माहितीचा उपयोग मी देखरेख घट्ट करायला करेन. छाती-पोटाचा स्कॅन साधारण तीन महिन्यांनी, आणि मेंदूचा एमआरआय ‘डोकं दुखलं तर बघू’ असा न ठेवता ठरवून. एखादाच डाग वाढला आणि बाकी सगळं शांत असेल, तर त्या डागाला नेमकं रेडिएशन देऊन तीच गोळी पुढे चालवता येते. गोळी बदलायची घाई तिथेही नको. सगळीकडे वाढ झाली तर पुन्हा बायोप्सी, शक्य नसेल तर रक्तातून लिक्विड बायोप्सी. जी१२०२आर निघालं तर लॉर्लाटिनिबचा मार्ग सरळ आहे. तसं काही निघालं नाही, गाठ बगलेतून पळाली असेल, तर पेमेट्रेक्सेडवर आधारलेली केमोथेरपी. एएलकेच्या रुग्णांत ती चांगली लागू पडते, पण लोक तिला उगाच शेवटचा पर्याय समजून टाळतात.

इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर सोडणारा उपचार, कुणी सुचवली तर दोनदा विचारा. एएलकेच्या गाठीत पीडी-एल१ (हा उपचार चालेल का याचा अंदाज ज्यावरून बांधतात ते प्रथिन) कधी कधी भरपूर दिसतं, आणि तो आकडा बघून मोह होतो. आंतरराष्ट्रीय नोंदवहीत एएलकेच्या रुग्णांत नुसत्या इम्युनोथेरपीला प्रतिसाद शून्य टक्के नोंदला गेला आहे.

शेवटी एक गोष्ट, आपल्याकडे हटकून विचारावी लागते अशी. फुप्फुसावर डाग दिसला की आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि कर्करोगाचं निदान मागून होतं, असे रुग्ण दर महिन्याला येतात. तुमच्या आईंच्या बाबतीत तसं झालं होतं का? घरात रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाच्या गोळ्या अजून आहेत का? कधी लॉर्लाटिनिबची वेळ आली, तर हे डॉक्टरांना न विसरता सांगा. रिफॅम्पिसिन रोज घेणाऱ्या १२ निरोगी स्वयंसेवकांना लॉर्लाटिनिबचा एकच डोस दिला तेव्हा त्यातल्या १० जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली होती. ही दोन औषधं एकत्र चालत नाहीत, मधे काही दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. आणि बायोप्सीचा मेणातला ब्लॉक लॅबमध्ये आहे की परत मिळालाय ते आजच विचारून घ्या. पुढे आरएनए तपासणी लागली तर तोच उपयोगी पडेल.